रायबोस्विच: जिवाणूंचा आरएनए स्वतःच रेणू ओळखतो

ताम्हण

अँटिबायोटिक्सच्या धाग्यावर बोलता बोलता मी रायबोस्विचचा उल्लेख केला होता, त्यावर तिघाचौघांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की हे नक्की काय असतं, म्हणून वेगळा धागा काढते. विषय माझ्या फार आवडीचा आहे त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

शाळाकॉलेजात आपण शिकतो ते असं, की डीएनएवरचं जनुक वाचून मेसेंजर आरएनए तयार होतो, तो रायबोझोमकडे जातो, प्रथिन बनतं, आणि जनुक चालू की बंद हे ठरवायला दुसरंच कुणीतरी असतं, बहुतेक वेळा एखादं प्रथिन. याकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये ई. कोलायच्या लॅक्टोज जनुकांवरून हे मांडलं आणि ते इतकं पक्कं बसलं की पुढे कुठेही जनुक बंद होताना दिसलं की पहिला प्रश्न हाच, याचा रिप्रेसर, म्हणजे जनुक बंद करणारं प्रथिन, कोणतं?

आता व्हिटॅमिन बी२ घ्या, म्हणजे रायबोफ्लेविन. बॅसिलस सबटिलिस नावाचा मातीतला जिवाणू ते स्वतः बनवतो. पेशीत पुरेसं झालं की बनवणारी जनुकं बंद होतात. कशी बंद होतात हे शोधायला लोकांनी बिघडलेले जिवाणू वेगळे काढले, म्हणजे जे थांबतच नाहीत, भसाभस बी२ बनवत राहतात. बिघाड दोन ठिकाणी सापडला. एक राइबसी नावाच्या जनुकात, आणि दुसरा बी२ च्या जनुकांच्या अगदी आधी असलेल्या एका पट्ट्यात, जिथून कुठलंच प्रथिन बनत नाही. साहजिकच सगळ्यांना वाटलं की राइबसी म्हणजेच रिप्रेसर. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी कळलं की ते साधं एन्झाईम आहे, बी२ पासून एफएमएन आणि एफएडी, म्हणजे बी२ ची पेशीत प्रत्यक्ष वापरली जाणारी रूपं, बनवणारं. रिप्रेसर सापडेचना.

मग उरला तो पट्टा. १९९९ मध्ये मिखाईल गेलफांड आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या जिवाणूंचे जीनोम शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर बी२ च्या जनुकांपुढे तोच पट्टा, तशाच घड्या घालू शकणारा, एकमेकांपासून खूप लांबच्या जिवाणूंतसुद्धा जपलेला. जे प्रथिन बनवत नाही ते इतकं जपून का ठेवलं असेल? उत्तर २००२ मध्ये आलं, दोन ठिकाणाहून जवळपास एकाच वेळी. येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या लॅबने बी१२ आणि बी१ साठी, आणि न्यूयॉर्क विद्यापीठात एव्हगेनी नुडलर यांच्या गटाने बी१ आणि बी२ साठी दाखवून दिलं की मधे कुणीच नाही. मेसेंजर आरएनएचा सुरुवातीचा भाग स्वतःच घडी घालून त्या व्हिटॅमिनचा किंवा त्याच्या रूपाचा रेणू पकडतो आणि त्यावरून पुढचं जनुक चालणार का हे ठरतं. रायबोस्विच म्हणतात ते हेच.

हे घडतं कसं ते जरा जवळून बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. आरएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनए वाचून आरएनए लिहिणारं एन्झाईम, डीएनएवरून पुढे सरकतोय, आणि त्याच्या मागून आरएनएचा धागा बाहेर पडतोय. बाहेर पडल्या पडल्या तो घड्या घालायला लागतो, पूर्ण व्हायची वाट बघत नाही. बी२ च्या बाबतीत आधी जो भाग बाहेर येतो त्याच्यात एफएमएनसाठी एक खाच तयार होते. त्या खाचेत एफएमएन येऊन बसला तर खाचेच्या बुडाची जी जोडी असते ती घट्ट होते. नाही बसला तर त्या जोडीतली एक बाजू सुटते आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या तुकड्याशी जुळते. आता पुढचा प्रश्न, मागून येणारा तो तुकडा मोकळा राहिला का? मोकळा असेल तर तो त्याच्याही पुढच्या तुकड्याशी जुळून एक घट्ट हेअरपिन (केसाच्या पिनेसारखी दुमडलेली घडी) बनवतो, त्याच्या पाठोपाठ यू यू यू अशी ओळ (ए, यू, जी, सी ही आरएनएची चार अक्षरं), आणि तिथे पॉलिमरेज डीएनएवरून सुटून पडतो. जनुक वाचायच्या आधीच काम संपलं. म्हणजे एफएमएन भरपूर, तर वाचन बंद. एफएमएन कमी, तर तो तुकडा आधीच अडकलेला असतो, हेअरपिन बनत नाही, पॉलिमरेज पुढे जातो आणि जनुकं वाचली जातात.

आणि हे सगळं काही सेकंदांत! जिवाणूचा पॉलिमरेज सेकंदाला साधारण २० ते ८० अक्षरं लिहितो. खाच तयार झाल्यापासून हेअरपिन बनेपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात एफएमएन सापडला तर सापडला. म्हणून परीक्षानळीत शांतपणे ठेवून मोजलं तर अगदी थोडा एफएमएनही पकडणारा हा आरएनए प्रत्यक्ष जनुक बंद करायला त्याच्या कितीतरी पट जास्त एफएमएन मागतो. पॉलिमरेज मधे मधे ठरावीक जागी थबकतो, आणि त्या थबकण्याने हा वेळ वाढतो. मला हे वाचल्यावर पहिल्यांदा कळलं की इथे रेणू किती घट्ट बसतो याच्याइतकंच तो किती लवकर येऊन बसतो हेही महत्त्वाचं आहे.

सगळे रायबोस्विच वाचन तोडत नाहीत. ई. कोलायमध्ये बी१२ आत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचं जनुक आहे, बीटीयूबी. त्याच्या आरएनएवर बी१२ चं कोएन्झाईम रूप बसलं की रायबोझोमला बसायची जागा घडीत लपते. आरएनए पूर्ण बनलेला असतो पण त्याच्यावरून प्रथिन बनत नाही. आज असे ५० हून जास्त प्रकार माहीत आहेत, प्रत्येकाचा रेणू वेगळा: अमायनो आम्लं, प्युरिन (ग्वानिन, अॅडेनिन वगैरे), धातूंचे आयन, जिवाणूंचे अंतर्गत सिग्नल रेणू.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहिते.

मावळवारा

मस्त लिहिलंय. माझी बायॉलॉजी बारावीला सुटली तरी शेवटपर्यंत कळलं. माझ्या डोक्यात गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह आला, पाणी वर आलं की बॉल वर, पाणी बंद. बरोबर आहे का असं समजणं?

ताम्हण

सुरुवातीला चालेल, पण एका जागी फरक पडतो. व्हॉल्व्ह एकच असतो आणि तो आयुष्यभर वरखाली होतो. बी२ च्या प्रकारात प्रत्येक नवा आरएनए स्वतःचा निर्णय एकदाच घेतो. हेअरपिन बनून पॉलिमरेज सुटला की तो आरएनए संपला, नंतर एफएमएन कमी झाला तरी तो परत चालू होणार नाही. पुढचा पॉलिमरेज नवा आरएनए लिहायला घेईल तेव्हा पुन्हा नव्याने ठरेल. शेकडो आरएनए असे एकेकटे ठरवतात आणि एकूण हिशेबात जनुक कमी किंवा जास्त चालतं. रायबोझोमची जागा लपवणारे जे आहेत त्यातले काही मात्र परत उलटू शकतात.

पेट्रीडिश

एक शंका. रेणू थेट आरएनएवरच बसतो, मधे एखादं अजून न सापडलेलं प्रथिन नाही, हे सिद्ध कसं केलं? कारण "सापडलं नाही" आणि "नाहीच" यात फरक आहे. २००२ मध्ये रिव्ह्यूअरने हाच प्रश्न विचारला असणार.

ताम्हण

अगदी मुद्द्याचा प्रश्न आहे. प्रथिनाचा संशयच राहू नये म्हणून त्यांनी आरएनए परीक्षानळीत बनवून शुद्ध केला, त्यात पेशीतलं दुसरं काहीच नाही, फक्त आरएनए, बफर, मॅग्नेशियम आणि तो रेणू. मग वापरली इन-लाइन प्रोबिंग नावाची पद्धत, जी मला स्वतःला खूप सुंदर वाटते कारण तिच्यात आरएनएचा कमकुवतपणाच कामाला लावलाय.

आरएनए नुसता ठेवला तरी हळूहळू तुटतो हे लॅबमधल्या सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक साखरेवरचा २ नंबरचा ओएच शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तुटते. पण त्यासाठी तो ओएच, फॉस्फरस आणि पलीकडचा ऑक्सिजन हे एका सरळ रेषेत यावे लागतात. जो भाग मोकळा हलतोय तिथे असं वारंवार होतं, जो घडीत जखडलाय तिथे क्वचित. मग करायचं काय, आरएनएच्या एका टोकाला रेडिओअॅक्टिव्ह फॉस्फरस लावायचा, रेणू घालून आणि न घालता दोन्ही तसेच साधारण ४० तास ठेवून द्यायचे आणि जेलवर चालवायचे. प्रत्येक बँड म्हणजे एक तुटलेली जागा. रेणू घातल्यावर ठरावीक बँड फिके पडतात, काही नवे गडद होतात. रेणूचं प्रमाण वाढवत नेलं की तेच बँड क्रमाने फिके होत जातात आणि त्यावरून किती घट्ट बसतो तेही मोजता येतं. पट्ट्यातलं एखादं मोक्याचं अक्षर बदललं तर रेणू घालूनही बँड जागचे हलत नाहीत, आणि तोच बदल जिवाणूत केला की जनुक बंद व्हायचं थांबतं. नळीत आणि पेशीत एकच गोष्ट दिसते म्हटल्यावर मधे प्रथिन असायची जागाच उरत नाही. पुढे क्रिस्टल स्ट्रक्चर, म्हणजे अणू कुठे कुठे आहेत ते दाखवणारी चित्रं, आली त्यात रेणू खाचेत बसलेला दिसलाच.

काजळी

पण चार अक्षरांचा आरएनए इतका नेमका कसा काय? प्रथिनाकडे वीस अमायनो आम्लं असतात, कुठे तेलकट, कुठे चार्ज असलेला भाग. आरएनएकडे काय आहे? सारखे दिसणारे रेणू तो वेगळे कसे करणार?

ताम्हण

याला माझं आवडतं उदाहरण ग्वानिन आणि अॅडेनिन ओळखणाऱ्या रायबोस्विचचं. दोघांची घडी जवळजवळ एकसारखी. बॅसिलस सबटिलिसच्या एक्सपीटी जनुकापुढचा ग्वानिन पकडतो, दुसऱ्या एका जनुकापुढचा अॅडेनिन. फरक कुठे? ७४ नंबरच्या जागी. तिथे सी असेल तर ग्वानिन, यू असेल तर अॅडेनिन. म्हणजे सी-जी आणि यू-ए, डीएनएतली जी जोडी आपण पाठ करतो (तिथे यू च्या जागी टी असतो) तीच जोडी आरएनएने रेणू ओळखायला वापरली. लॅबमध्ये ते एक अक्षर बदललं आणि ग्वानिनचा रायबोस्विच अॅडेनिन पकडायला लागला. २००४ मध्ये रॉबर्ट बेटी यांच्या लॅबने त्या घडीचं क्रिस्टल स्ट्रक्चर काढलं तर रेणू चहूबाजूंनी इतका वेढलेला की त्याचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग आरएनएच्या आत. एवढं सगळीकडून चाचपल्यावर एखादा जादा अणूसुद्धा लगेच अडतो.

बी१ चं रूप म्हणजे टीपीपी, त्याच्या एका टोकाला दोन फॉस्फेट असतात, निगेटिव्ह चार्जची. आरएनएही निगेटिव्ह. मग मधे मॅग्नेशियम आयन घेऊन त्याने ती फॉस्फेट धरली. साधं थायामिन, बिनफॉस्फेटचं, ते खूपच ढिलं बसतं.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे फ्लोराईड. २०१२ मध्ये ब्रेकर यांच्याच लॅबने दाखवलं की जिवाणूंमध्ये आणि आर्कियामध्ये (जिवाणूंसारखेच, पण वेगळ्या शाखेतले एकपेशीय जीव) फ्लोराईड ओळखणारा रायबोस्विच आहे. हे ऐकून बऱ्याच जणांचा विश्वासच बसला नसेल, कारण फ्लोराईड हा एक अणू, तोही निगेटिव्ह, आणि पकडणारा आरएनए नखशिखान्त निगेटिव्ह. पण त्याच वर्षी स्ट्रक्चर आलं. आरएनएने आपल्या फॉस्फेटांनी तीन मॅग्नेशियम आयन धरून ठेवलेत आणि त्या तिघांच्या मधोमध फ्लोराईड. क्लोराईड आकाराने मोठा, तो तिथे मावत नाही. चार अक्षरांत काय काय बसवता येतं बघा.

जुना नांदेडकर

फ्लोराईडचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या भागात, तसंच यवतमाळ आणि चंद्रपूरकडे, बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असलेली गावं आहेत. दात पिवळे तपकिरी पडलेली मुलं लहानपणापासून बघत आलो, वय झाल्यावर सांधे आणि कंबर आखडलेली माणसंही. माझा प्रश्न सरळ आहे. जिवाणूला फ्लोराईड ओळखायची गरजच काय, आणि त्याच्या या ओळखण्याचा आम्हाला पाणी तपासायला काही उपयोग होतो का?

ताम्हण

काका, दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते.

गरज अशी, की फ्लोराईड जिवाणूलाही विषच आहे. साखर फोडून ऊर्जा मिळवायच्या वाटेवर एनोलेज नावाचं एन्झाईम आहे ते फ्लोराईडने अडतं. आम्लात फ्लोराईड हायड्रोजनशी जुळून बिनचार्जचा होतो, तसा तो पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो, आणि आत आम्ल कमी असल्याने परत सुटा होऊन आतच अडकतो. त्याला बाहेर काढणारं एक चॅनल प्रथिन बऱ्याच जिवाणूंकडे असतं आणि त्याचं जनुक या रायबोस्विचच्या ताब्यात. फ्लोराईड वाढला की चॅनल बनवायला घ्या. इथे रेणू बसला की जनुक चालू होतं, बी२ च्या बरोबर उलट.

उपयोगाचं म्हणाल तर प्रयत्न झालाय. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ज्युलियस लक्स यांच्या लॅबने बॅसिलस सिरियसचा फ्लोराईड रायबोस्विच घेतला, त्याच्या पुढे पिवळा रंग देणाऱ्या एन्झाईमचं जनुक जोडलं, आणि जिवंत जिवाणू न वापरता पेशीतली फक्त वाचायची-बनवायची यंत्रणा नळीत घालून ती वाळवली. त्यात पाण्याचा थेंब टाकायचा, फ्लोराईड असेल तर पिवळं होणार. २०२० मध्ये हे छापून आलं, कोस्टारिकात प्रत्यक्ष पाण्यावर वापरूनही पाहिलं. वाळवलेली असल्याने न्यायला सोपी.

जुना नांदेडकर

किती फ्लोराईडला पिवळं होतं? आपल्याकडे मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा पर्यायच नसेल तर १.५ पर्यंत.

ताम्हण

त्यांनी २ मिलिग्रॅमपर्यंत ओळखल्याचं दाखवलं, ते अमेरिकेतल्या एका मर्यादेला धरून होतं. म्हणजे आपल्याला जिथे खरी विभागणी हवी, १.३ चं पाणी की १.८ चं, तिथे हे जसंच्या तसं पुरणार नाही. रायबोस्विच जास्त संवेदनशील करायला हवा, आणि मी वर वेळेचं जे लिहिलं ते इथेही लागू होतं, आरएनएला निर्णय घ्यायला किती सवड मिळते ते बदलून बघता येतं. माझं स्पष्ट मत, आज गावात तपासायचं असेल तर झिर्कोनियम आणि रंग वापरणारं फील्ड किट किंवा लॅबमधला इलेक्ट्रोड हेच घ्या. आणि फ्लोराईड काढायला तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरीनेच काढलेली आहे. रायबोस्विचची नळी या कामाला यायला हवी असं मनापासून वाटतं, पण माणसं आज पाणी पितायत.

उंबरठा

इथे औषधाचं कुणी विचारलं नाही म्हणून विचारते. माणसात रायबोस्विच नसतात ना? मग जिवाणूंच्या रायबोस्विचवर खोटा रेणू बसवून त्यांना उपाशी मारता येणार नाही का?

ताम्हण

माणसात लहान रेणू थेट पकडणारा असा रायबोस्विच पक्का सिद्ध झालेला नाही. बुरशी आणि वनस्पतींमध्ये बी१ चा आहे, तो तिथे आरएनएच्या काटछाटीवर परिणाम करतो. त्यामुळे तुमची कल्पना बरोबर आहे आणि निसर्गाने ती आधीच वापरली आहे. फिलिपिन्समधल्या दावाओच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या एका जिवाणूतून रोझिओफ्लेविन मिळालं, ते दिसायला बी२ सारखं. पेशीत त्याचं रूपांतर होतं, ते रायबोस्विचवर बसतं, जिवाणूला वाटतं बी२ भरपूर आहे आणि बनवणं बंद.

२०१५ मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी रायबोसिल नावाचं पूर्ण कृत्रिम रसायन मांडलं. ते शोधायची रीत हुशारीची होती. जिवाणू मारू शकणारी सुमारे ५७ हजार संयुगं घेतली आणि बघितलं की कुठल्याचा परिणाम वरून बी२ घातल्यावर नाहीसा होतो. एक सापडलं. त्याला दाद न देणारे ई. कोलाय काढले तर त्यांच्यातले बदल नेमके रायबोस्विचमध्ये! उंदरांमधला ई. कोलायचा संसर्गही त्याने कमी झाला.

पेट्रीडिश

पण शरीरात बी२ असतंच की. जिवाणू तेच ओढून घेतील, बनवणं बंद पडलं तरी त्यांचं काय बिघडणार?

ताम्हण

ई. कोलायकडे बी२ आत घ्यायची सोयच नाही, त्याला स्वतः बनवावंच लागतं, म्हणून तिथे चाललं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसकडे आत घेणारं प्रथिन आहे. मात्र त्या प्रथिनाचं जनुकसुद्धा एफएमएन रायबोस्विचच्याच ताब्यात आहे, त्यामुळे एकच रसायन दोन्ही दारं बंद करू शकतं, आणि यावर कामही झालंय. तरी रेझिस्टन्सचा प्रश्न राहतोच, कारण एखादं अक्षर बदललं की रसायन बसत नाही. याच रेझिस्टन्सचा चांगला उपयोगही आहे बरं का. रोझिओफ्लेविनला न जुमानणारे लॅक्टिक जिवाणू निवडले तर त्यांच्यात बऱ्याचदा हा रायबोस्विच बिघडलेला असतो, ते बी२ जास्त बनवतात, आणि आंबवलेल्या पावात वगैरे बी२ वाढवायला ते वापरून पाहिलेत.

काजळी

बी१, बी२, बी१२ हे सगळे अतिप्राचीन रेणू. मग रायबोस्विच हे आरएनए जगाचे, म्हणजे सगळी कामं आरएनएच करत होता अशा कल्पिलेल्या काळाचे, अवशेष मानायचे का? प्रथिनं यायच्या आधीची सोय?

ताम्हण

बी१ च्या बाबतीत मला ते पटतं, जिवाणू, आर्किया, बुरशी, वनस्पती सगळीकडे तीच घडी सापडते. पण सगळ्यांनाच सरसकट अवशेष म्हणणं मला घाईचं वाटतं. काही प्रकार जिवाणूंच्या थोड्याच शाखांत आहेत, ते नंतर आले असणार. आणि १९९० पासून लॅबमध्ये आरएनएच्या कोट्यवधी यादृच्छिक साखळ्यांतून हव्या त्या रेणूला धरणारी साखळी निवडून काढता येते. खाच नव्याने तयार होणं तितकं दुर्मीळ नाही.

काजळी

हे मान्य. तरीही फ्लोराईड जुना असू शकतो, आदिम समुद्रातही फ्लोराईड असणारच.

ताम्हण

असू शकतो, आणि जिवाणू आणि आर्किया दोन्हींत सापडणं तुमच्या बाजूने जातं. पण अशी जनुकं एकमेकांत जातातही, म्हणून मी जोर देऊन म्हणणार नाही.

चिमणपाखरू

मी एमएस्सीला आहे. घरी बसून एखादा रायबोस्विच स्वतः बघता येईल का, लॅब नसताना?

ताम्हण

हो, नक्की बघ. आरफॅम डेटाबेसमध्ये प्युरिन रायबोस्विचचं कुटुंब शोध, शेकडो जिवाणूंची अक्षरं एकाखाली एक लावलेली मिळतील. त्यात कुठली अक्षरं कधीच बदलत नाहीत ते आधी वहीत लिहून काढ, खाच बहुतेक तिथेच असते. मग बॅसिलस सबटिलिसचा एक्सपीटीचा पट्टा आरएनएफोल्ड या घडीचा अंदाज सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाक, एकदा फक्त सुरुवातीचा भाग आणि एकदा हेअरपिनसकट पूर्ण, आणि दोन्ही घड्या शेजारी ठेवून बघ की कुठला तुकडा जोडीदार बदलतो. दोन लूप एकमेकांना टेकतात ते त्या प्रोग्रॅमला दिसत नाही, त्यासाठी क्रिस्टल स्ट्रक्चर उघडावं लागेल. ७४ नंबरची जागा शोधताना आकडे एक्सपीटीच्या आरएनएच्या सुरुवातीपासून मोज, तुकड्याच्या सुरुवातीपासून नाही. अडलीस तर इथेच विचार.